हादऱ्यांशी तह : नॉर्टन कमांडोची कथा

१/ सप्टेंबर १९६७. लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात नॉर्टन-व्हिलियर्स कंपनीने ‘कमांडो’ ही नवी मोटारसायकल मांडली. गाडी नवी होती. इंजिन मात्र जुनेच, आणि तेही हादऱ्यांसाठी कुप्रसिद्ध. तरीही लांबच्या प्रवासाची सुखद गाडी म्हणून तिने नाव कमावले. ते कसे, हे सांगणारा हा थ्रेड.

२/ या कथेचे मूळ १९३७ सालात आहे. त्या वर्षी एडवर्ड टर्नर यांची ट्रायम्फ ‘स्पीड ट्विन’ अवतरली. तिची दोन सिलिंडर शेजारी-शेजारी होती आणि दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर व एकाच वेळी खाली जात. स्फोट समान अंतराने होत, एकच कार्ब्युरेटर पुरे, बांधणीही आटोपशीर. ब्रिटनमधील बहुतेक कारखान्यांनी हाच आराखडा स्वीकारला.

३/ दोष त्याच रचनेत दडलेला होता. दोन पिस्टन एकत्र चढू-उतरू लागले की हादऱ्यांच्या हिशोबात ते एकाच मोठ्या पिस्टनसारखे वागतात. क्रँकशाफ्टला उलट बाजूस वजन लावून हा धक्का कमी करता येतो. परंतु ते वजन गोल फिरते आणि पिस्टन सरळ रेषेत धावतो. त्यामुळे उभा धक्का जेवढा कमी करावा, तेवढा आडवा धक्का वाढतो. म्हणून अभियंते मध्यम मार्ग काढत. हादरे नाहीसे होत नसत. फक्त त्यांची वाटणी होई.

४/ नॉर्टनचे ‘डॉमिनेटर’ इंजिन बर्ट हॉपवुड यांनी आखले. १९४९ च्या मॉडेलसाठी ते ४९७ सीसीचे होते. अमेरिकी ग्राहकाला अधिक शक्ती हवी होती, म्हणून तेच इंजिन वाढत गेले : ५९६, ६४६ आणि १९६२ च्या ‘अॅटलस’मध्ये ७४५ सीसी. पिस्टनची धाव ७२.६ वरून ८९ मिलिमीटर झाली.

५/ येथे गणित निष्ठुर आहे. हादऱ्याचे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर जो धक्का बसतो, त्याच्या चौपट धक्का ६,००० फेऱ्यांवर बसतो. ८९ मिलिमीटर धाव असलेल्या पिस्टनचे त्वरण तेव्हा गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १,८०० पट होते. स्वाराचे हात बधिर व्हावेत, बोल्ट सैल व्हावेत, यात नवल ते काय?

६/ कंपनीपुढे पेच होता. नवे इंजिन घडवायला पैसा आणि वेळ हवा. दोन्हींची चणचण होती. तेव्हा रोल्स-रॉइसमधून आलेले डॉ. स्टेफान बाउअर आणि त्यांचे सहकारी बर्नार्ड हूपर व बॉब ट्रिग यांनी प्रश्नच बदलला. हादरे थांबवता येत नसतील, तर ते स्वारापर्यंत पोहोचू न देता येतील का?

७/ उत्तर होते ‘आयसोलॅस्टिक’. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या चाकाचा स्विंगआर्म यांचा एकच घट्ट गट केला आणि तो रबरी माउंटांवर फ्रेममध्ये टांगला. इंजिन आत थरथरत राही. हँडल, आसन आणि पायटे शांत राहत.

८/ केवळ इंजिन रबरावर ठेवले असते, तर साखळीच्या ओढीने ते मागच्या चाकाच्या रेषेतून सरकले असते. स्विंगआर्म त्याच गटात घेतल्याने साखळी नेहमी सरळ राहिली. या योजनेतील खरी हुशारी ही होती.

९/ मंद गतीवर मात्र कमांडो सगळीच हले. उभ्या गाडीचे पुढचे चाक डोलताना दिसे. हा बिघाड नव्हे. रबराला स्वतःचा झोका असतो. त्याहून जलद हादरे रबर गिळते, संथ हादरे उलट वाढवते. सुमारे २,००० ते २,५०० फेऱ्यांच्या पुढे गाडी एकदम मऊ होई.

१०/ मग खरा बिघाड ओळखायचा कसा? माउंट वर-खाली हलू द्यायचे, पण आडवे नाही. त्यासाठी कडेला सुमारे ०.२५ मिलिमीटरची फट शिमने राखावी लागे. वेगातही हादरे येत असतील, तर फट फार कमी झालेली, गंज-चिखलाने माउंट अडकलेले किंवा रबर गेलेले. वळणावर गाडी डोलत असेल, तर फट फार वाढलेली. लक्षण वेगळे, कारण वेगळे, उपायही वेगळा.

११/ अडचण अशी की, शिम बदलण्याचे हे काम किचकट होते आणि त्यामुळे सहज टाळले जाई. १९७५ च्या ‘मार्क ३’मध्ये फिरवून फट जुळवता येईल असे माउंट आले, तोवर कमांडोला सात वर्षे उलटली होती.

१२/ रबराने स्वाराला वाचवले, इंजिनाला नाही. १९७२ च्या जास्त शक्तीच्या ‘कॉम्बॅट’ इंजिनात क्रँकशाफ्ट वाके आणि मुख्य बेअरिंग निकामी होत. हादरे जाणवत नसल्याने इंजिन अधिक फेऱ्यांवर नेण्याचा मोहही स्वाभाविकच. अखेर वेगळ्या घडणीची ‘सुपरब्लेंड’ बेअरिंग बसवून हा दोष निवारला गेला.

१३/ जपानने दुसरी वाट धरली. १९६९ मध्ये होंडाची चार सिलिंडरची सीबी ७५० बाजारात आली. यामाहाच्या टीएक्स ७५० मध्ये हादऱ्यांविरुद्ध फिरणारी वजने होती. ती तेल घुसळून फेस करीत, आणि इंजिन तेलाविना तडफडे. कल्पना बरोबर, अंमल घाईचा. पुढे हीच कल्पना सुधारून सर्वत्र रूढ झाली.

१४/ कमांडो १९६८ ते १९७२ अशी सलग पाच वर्षे ‘मोटर सायकल न्यूज’च्या वाचकांची सर्वोत्तम गाडी ठरली. तरीही १९७७ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. युक्तीने जुन्या इंजिनाला दहा वर्षे मिळाली. त्या दहा वर्षांत नवे इंजिन उभे राहिले नाही.

१५/ पुढचा अध्याय चेन्नईत आहे. २०१८ मध्ये भारतात विक्रीस आलेल्या रॉयल एन्फील्ड इंटरसेप्टर ६५० मध्येही दोन सिलिंडर शेजारी-शेजारीच आहेत. पण क्रँक २७० अंशांचा आणि सोबत बॅलन्सर शाफ्ट. २०२० मध्ये चेन्नईच्याच टीव्हीएसने नॉर्टन विकत घेतली. हादऱ्यांशी तह करून वेळ मिळतो, एवढेच कमांडो शिकवते. त्या वेळेचे काय करायचे, हे कारखान्याने ठरवायचे असते.