टर्बो गाडीतला फ्युएल प्रेशर सोलेनॉईड: ठेवायचा की काढायचा?

मे महिन्यात भुसावळहून यावलला येताना चहाला थांबलो, आणि मित्राची जुनं जपानी टर्बो इंजिन बसवलेली गाडी पुन्हा सुरूच होईना. गॅरेजवाल्याने हा सोलेनॉईड काढून टाकला होता.

तापलेल्या इंजिनाजवळच्या पाइपात पेट्रोलची वाफ होते. टोयोटाच्या ३एस-जीटीईसारख्या इंजिनात अशा वेळी ईसीयू सोलेनॉईड चालवून रेग्युलेटरचा व्हॅक्यूम थोडा वेळ तोडतो. प्रेशर वाढतं, बुडबुडे दबतात. मी कोड लिहिणारा माणूस, मला हे साधं इफ-एल्स वाटतं.

मग लोक काढतात का? कारण बूस्टही त्याच वाटेने रेग्युलेटरला कळतो. बूस्ट १ बार वाढला की पेट्रोलचं प्रेशरही १ बार वाढायलाच हवं. व्हॉल्व्ह जुना होऊन गळत असेल तर ते वाढत नाही, पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन वितळू शकतो.

माझं मत: बूस्ट कंपनीचाच असेल तर आपल्या खान्देशच्या उन्हात ठेवा, फक्त गेज लावून तपासा. बूस्ट बराच वाढवलाय? नळी थेट रेग्युलेटरला जोडा आणि ट्यूनरकडून हॉट स्टार्टचं पेट्रोल वाढवून घ्या.

आणि हो, कॉमन रेल डिझेलच्या पंपावरचा सोलेनॉईड वेगळा. त्याला हात लावू नका.