सेंट ऑगस्टिन येथील लोकजीवन

फ्लॉरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर पेद्रो मेनेंदेस दे आव्हिलेस याने १५६५ मध्ये वसविलेले हे स्पॅनिश ठाणे मूलतः लष्करी होते. मेक्सिकोच्या खजिन्यातून मंजूर होणाऱ्या सालिना रकमेवर शिपायांचा पगार आणि रसद अवलंबून असल्यामुळे, गलबतास विलंब झाला की सबंध गावावर उपासमारीची पाळी येई.

स्पॅनिश स्त्रियांची संख्या अल्प असल्याने अनेक शिपायांनी तद्देशीय स्त्रियांशी विवाह केले, आणि १५९४ पासून उपलब्ध असलेल्या चर्चच्या दप्तरात विवाहांच्या व बाप्तिस्म्यांच्या नोंदी आढळतात. उत्खननात सापडलेली भांडी या संसारांची बोलकी साक्ष देतात : चुलीवर चढणारी काळवंडलेली मडकी तद्देशीय घडणीची, त्यांत शिजणारा मका, मासे व कालवे याच भूमीतली, परंतु पानावर मांडली जाणारी झिलईदार भांडी मात्र स्पेन वा मेक्सिकोहून आणलेली. किल्ल्याच्या भक्कम तटाहून या चुलीपाशीच वसाहतीचे खरे स्वरूप अधिक स्पष्ट दिसते, असे म्हणणे भाग आहे.

आफ्रिकी लोक येथे आरंभापासून होते, कोणी गुलाम तर कोणी स्वतंत्र. इंग्रजांच्या कॅरोलिनातून पळून येऊन कॅथलिक धर्म स्वीकारणाऱ्या गुलामांना १६९३ च्या राजाज्ञेने मुक्ती देऊ केली. त्यांच्यासाठी १७३८ मध्ये गावाच्या उत्तरेस मोसे ही गढी वसविण्यात आली, आणि तेथील पथकाचे नायकत्व फ्रान्सिस्को मेनेंदेस या मुक्त झालेल्या आफ्रिकी पुरुषाकडे होते. १७६३ च्या तहान्वये फ्लॉरिडा ब्रिटिशांकडे जाताच मोसेवासीयांसह येथील बहुतेक रहिवासी क्यूबास निघून गेले.