जबलपूरच्या मराठी घरांतील शिवण : गरजेपासून छंदापर्यंत

कोणत्याही महाराष्ट्र मंडळाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास तो गणेशोत्सव, व्याख्यानमाला, नाट्यप्रयोग आणि इमारत निधी या चार खांबांवर उभा राहतो. ते योग्यच आहे. परंतु नाटकातील राजाचा अंगरखा, मखराची झालर, स्नेहसंमेलनात नाचणाऱ्या मुलींची परकर-पोलकी ज्या हातांनी घरी बसून शिवली, त्या हातांचा उल्लेख वार्षिक अहवालात क्वचितच आढळतो. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने या दुर्लक्षित दालनाकडे वाचकांचे लक्ष वेधावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. शिवण ही आरंभी गरज होती, मग ती उपजीविका झाली आणि अखेरीस अनेकींच्या व काही थोड्या पुरुषांच्याही आयुष्यात तिने छंदाचे स्थान मिळविले. या स्थित्यंतराचा धागा आपल्या या नर्मदाकाठच्या शहराच्या इतिहासातूनच ओवला गेला आहे.

गढा-मंडल्याचा हा मुलूख 1781 मध्ये सागरच्या मराठ्यांकडे आला, पुढे नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि डिसेंबर 1817 मध्ये इंग्रजांच्या हाती पडला. यानंतरच्या काळात जबलपुरात सुईला जे पहिले मोठे काम मिळाले, ते मोठे विलक्षण होते. विल्यम स्लीमन यांनी ठगांचा बंदोबस्त केल्यावर माफीचे साक्षीदार झालेले ठग व त्यांची कुटुंबे यांच्यासाठी 1830 च्या दशकाच्या अखेरीस येथे उद्योगशाळा उघडण्यात आली. तीत तंबू, सतरंज्या आणि गालिचे तयार होत. ज्या हातांनी रुमालाचा फास आवळला होता, त्याच हातांत आता सुई-दोरा आला. मात्र ते काम सक्तीचे होते. काय शिवावे, कोणासाठी शिवावे आणि केव्हा थांबावे, यांपैकी एकही गोष्ट शिवणाऱ्याच्या इच्छेवर नव्हती. छंदाचा विचार करताना हे टोक ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरेल.

दरम्यान जगात शिवणयंत्राचा जन्म झाला होता. अमेरिकेत एलियास हाऊ यांनी 1846 मध्ये, तर आयझॅक सिंगर यांनी 1851 मध्ये आपापल्या यंत्रांचे पेटंट घेतले. सिंगर कंपनीने 1856 पासून हप्त्यांनी यंत्र विकण्यास आरंभ केला आणि कारखान्यातील हे साधन सामान्य घराच्या उंबरठ्यापर्यंत आले. भारतात या कंपनीचा विस्तार मुंबईच्या नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांच्या देखरेखीखाली झाला. मुंबई-कलकत्ता लोहमार्ग 1870 मध्ये जबलपूरमार्गे जोडला गेल्यावर मुंबई बंदरात उतरलेला विलायती माल येथे पोचण्यास बैलगाडीची वाट पाहावी लागेना. तरीही ते यंत्र प्रथम बसले ते दर्जीच्या दुकानात. घरातील स्त्रीच्या हाती सुईच राहिली.

ती सुई मात्र दुबळी नव्हती. मराठी घरात बाळंतविडा शिवण्याची परंपरा जुनी आहे. झबले, टोपरे, कुंची, दुपटे, जुन्या लुगड्यांची गोधडी आणि खणाची गाठीची चोळी हे सर्व हाताने होत असे. पुढे समाजसुधारकांनी या घरगुती कौशल्यात स्वावलंबनाची शक्ती ओळखली. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले. तेथे शिक्षणाबरोबर शिवणकामाचे वर्गही चालत. पतीच्या निधनाने निराधार झालेल्या स्त्रीस मानाने चार पैसे मिळविता यावेत, हा त्यामागील हेतू होता. आजच्या वाचकास शिवणवर्ग ही किरकोळ बाब वाटण्याचा संभव आहे. परंतु आश्रित म्हणून जगणे आणि स्वतःच्या मिळकतीवर जगणे यांतील अंतर त्या काळी एका यंत्राने कापले होते.

राष्ट्रीय चळवळीनेही शिवणीला प्रतिष्ठा दिली. 1923 चा झेंडा सत्याग्रह जबलपुरात सुरू होऊन नागपुरास पोचला आणि 1939 मध्ये जवळच त्रिपुरी येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. यंत्रयुगाचे कठोर टीकाकार असलेल्या गांधीजींनीही 1924 मधील एका संभाषणात शिवणयंत्राचा अपवाद केला. हे यंत्र माणसाला दूर सारीत नाही, त्याचे कष्ट हलके करते, असा त्यांचा आशय होता. पुढे 1935 मध्ये कलकत्त्यात जय इंजिनिअरिंग वर्क्सची स्थापना झाली आणि ‘उषा’ हे देशी यंत्र घरोघरी परिचित झाले. लेकीच्या लग्नात भांड्यांबरोबर शिवणयंत्र देण्याची चाल मध्यमवर्गात रूढ झाली. याच सुमारास, 1930 पासून, किर्लोस्करवाडीहून निघू लागलेल्या ‘स्त्री’ मासिकासारखी नियतकालिके टपालाने दूरदूरच्या मराठी घरांत जाऊ लागली आणि गृहकलांविषयीचे कुतूहल वाढीस लागले.

जबलपूरच्या मराठी कुटुंबांना शिवणीची ओढ अधिक वाटण्यास आणखी एक कारण होते. मध्यप्रांताच्या दिवसांत नागपूर ही आपल्या प्रांताचीच राजधानी होती. कचेऱ्या, शाळा, न्यायालये, रेल्वे आणि 1904 चा गन कॅरेज कारखाना यांतील नोकऱ्यांसाठी आपली माणसे येथे आली. दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा दारूगोळा कारखाना आणि पुढे 1969 मध्ये वाहन कारखाना सुरू झाला. परंतु 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ तिकडे गेला, उच्च न्यायालय नागपूरहून इकडे आले आणि घर न बदलता आपण परप्रांतवासी झालो. गोंदियाहून बालाघाट-नैनपूरमार्गे येणारी सातपुड्याची छोटी रेल्वे माहेरच्या पेटाऱ्यातून खणांच्या घड्या आणीत राहिली. पण खण आला तरी पोलके शिवणार कोण? गावातील दर्जी कुर्ता आणि सलवार सफाईने शिवीत. परकराचा घेर आणि पोलक्याची बाही यांचा घाट मात्र आईच्या हातालाच ठाऊक होता. म्हणून मुलींचे सणाचे कपडे घरी शिवले जात. भाषा जशी घरात जपावी लागे, तसाच पेहरावही.

येथवर सारी गरजेची कथा झाली. मग तिची गोडी कशी लागते? याचे उत्तर आपल्या भाषेतील दोन शब्दांतच दडलेले आहे. पहिला शब्द ‘बेत’. मराठीत कापड कापण्यापूर्वी ते ‘बेततात’, आणि योजनेलाही आपण ‘बेत’च म्हणतो. नवशिकी मुलगी प्रथम रद्दीतील वर्तमानपत्रावर बेतते. छातीचे माप 32 इंच असेल तर चौथा हिस्सा 8 इंच, त्यावर अंगाला हवा तेवढा सैलपणा, त्यावर शिवणीची जागा, मग मुंढ्याची गोलाई. उभा धागा कोणता, आडवा कोणता आणि गळ्याला लावावयाची उरेब पट्टी तिरपीच का कापावयाची, हे तिला कापडच शिकविते. तिरप्या कापडास ताण असतो, म्हणून ते गोलाईवर चुणी न पडता बसते. एकदा हे उमगले की पाठांतर संपते आणि विचार सुरू होतो. सपाट कापडातून अंगाचा गोलवा उभा राहतो, हे पाहण्यात भूमितीचे कोडे सुटल्याचा आनंद आहे. उरलेल्या तुकड्यांतून बाहीची किनार किंवा पिशवीचा खिसा निघाला तर तो आनंद दुणावतो.

दुसरा शब्द ‘माया’. शिवणीच्या आत जे जादा कापड राखून ठेवतात, त्यास आपण माया म्हणतो. मूल वाढेल, उद्या टीप उसवून झगा सैल करावा लागेल, याचा विचार आजच करून ठेवलेली ती जागा. तयार कपड्यात अशी माया सहसा नसते. तेथे कापडाच्या प्रत्येक बोटाचा हिशेब असतो आणि अंगाने कपड्याला जुळवून घ्यावे लागते. घरी शिवलेला कपडा अंगाला जुळवून घेतो. एकाच झग्याला लांबीत तीन वर्षे सोडवीत नेणारी आई काटकसर करीत असते खरी, परंतु त्या काटकसरीत पुढचे पाहण्याची दृष्टीही असते.

काळ बदलला तसा शिवणीचा अर्थही बदलला. 1952 मध्ये स्थापन झालेल्या जबलपूरच्या गृहविज्ञान महाविद्यालयामुळे कापड आणि पोशाख हे विषय पदवीच्या अभ्यासात आले. जे आजी अंदाजाने करी, त्यास नात शास्त्राचे नाव देऊ लागली. नंतर तयार कपड्यांची लाट आली, आणि योगायोग असा की त्या लाटेतही जबलपूरने नाव मिळविले. येथे शिवलेले सलवार-सूट देशाच्या अनेक भागांत विकले जातात आणि गोहलपूरच्या लेमा गार्डन भागात या धंद्याचे संकुल उभे आहे. ज्या शहरात तयार कपडा एवढा सुलभ, तेथे घरी शिवण्याची गरज उरली नाही हे उघड आहे. गरज संपली तेव्हाच छंदास मोकळे अंगण मिळाले. आज जी व्यक्ती कार्यालयातून परतल्यावर किंवा निवृत्तीनंतर यंत्रावर बसते, ती पैसे वाचविण्यासाठी बसत नाही. कापड, दोरा आणि अस्तर यांचा खर्च पाहता बाजारचा कपडा पुष्कळदा स्वस्तच पडतो. ती बसते ती आपण योजलेली वस्तू आपल्याच हातून पुरी होताना पाहण्यासाठी. उद्योगशाळेतील बंदिवान आणि हा छंदिष्ट यांच्या हातांत सुई तीच आहे. अंतर आहे ते इच्छेचे.

याचा अर्थ जुने दिवस सोन्याचे होते, असा मुळीच नाही. रात्री कंदिलाच्या उजेडात काजे करून डोळे गमावणाऱ्या स्त्रियांची संख्या थोडी नसेल. तिच्या कष्टांना कला म्हणून गौरविणे सोपे असते. तिला विसावा देणे कोणास सुचले नव्हते. म्हणूनच आजच्या पिढीस शिवण ऐच्छिक झाली, ही आनंदाची गोष्ट मानली पाहिजे. चिंता आहे ती निराळीच. झारापकर पद्धतीसारख्या पुस्तकांतून कापण्याचे नियम मिळतील. परंतु परकराच्या चुण्या किती दाट धरावयाच्या, कुंचीची टोके कशी जुळवावयाची, ही विद्या कागदावर क्वचित उतरली आहे. ती हातातून हातात जाते, आणि हात थांबला की ती थांबते.

नामदेवमहाराज शिंपी कुळात जन्मले आणि आयुष्याचा उत्तरकाळ त्यांनी पंजाबात घुमान येथे व्यतीत केला, अशी परंपरा आहे. त्यांची 61 पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. घरापासून दूर राहूनही आपले देणे त्या भूमीच्या वस्त्रात शिवून टाकता येते, याचे याहून थोर उदाहरण आपल्यापुढे नाही. आपल्या मंडळाच्या पुढील वाटचालीत वाचकांनी एक छोटे काम अंगावर घ्यावे, अशी नम्र विनंती आहे. घरातील कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या यंत्रावरील आच्छादन दूर करावे, त्यास दोन थेंब तेल द्यावे आणि ज्यांना ते चालविता येते त्यांच्याजवळ एखादी दुपार बसावे. एक झबले शिवून होईपर्यंत जेवढे शिकता येईल, तेवढे शिकून घ्यावे, आणि शिकविणाऱ्या हातांचे नाव मंडळाच्या वहीत अवश्य नोंदवावे.