कमान, गरारी, खटका : मिटणाऱ्या चाकूची गोष्ट

सणासुदीचे दिवस जवळ आले, की नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या मनाई आदेशाची बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येते. १९५१चा मुंबई पोलीस कायदा, म्हणजे आजचा महाराष्ट्र पोलीस कायदा, त्याच्या ३७व्या कलमाखाली हे आदेश निघतात. तलवारी, भाले, सोटे, बंदुका, सुरे, लाठ्याकाठ्या अशी त्यातली यादी ठरलेली. या यादीत सुरा म्हणजे सुरा. तो मिटतो का, उघडल्यावर त्याचे पाते कशाने अडते, याची चौकशी तिथे नाही.

दिल्लीत मात्र ती झाली. दिल्ली प्रशासनाच्या २९ ऑक्टोबर १९८०च्या अधिसूचनेत कमानीच्या, ‘गरारीदार’ आणि ‘बटनदार’ चाकूंचा नावानिशी उल्लेख आहे. पाते ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद किंवा त्याहून मोठे असेल, तर असा चाकू या अधिसूचनेच्या कक्षेत येतो. म्हणजे पात्याच्या मापाबरोबर मुठीतली यंत्रणाही गुन्ह्याच्या व्याख्येत आली. पाते उघडे धरून ठेवणारा हा अटकाव मुळात कोणासाठी जन्मला, आणि तो संशयाची खूण कसा झाला, हे पाहण्यासारखे आहे.

मिटणारा चाकू फार जुना. रोमन काळातले असे चाकू उत्खननांत सापडले आहेत. सुरुवातीच्या बहुतेक चाकूंत अटकाव नव्हताच; एका खिळ्याभोवती फिरणारे पाते घर्षणावर आणि धरणाऱ्याच्या मुठीवर उघडे राही. सतराव्या शतकात इंग्लंडच्या शेफील्ड गावात मुठीच्या पाठीत पोलादी कमान बसवण्याची रीत रुळली. पात्याच्या बुंध्यावर सपाट बाजू, तिच्यावर कमानीचा दाब. हाच चाकू पुढे इंग्रजी राज्यात कारकुनाच्या मेजावर आणि मास्तरांच्या खिशात आला. जोसेफ रॉजर्स कंपनीचे तारा आणि माल्टाचा क्रूस अशा छापाचे चाकू आपल्याकडे नावाजलेले होते. पेन्सिलीला टोक काढणे, फळ कापणे, सुतळी तोडणे यासाठी कमान पुरेशी असते. कापताना जोर धारेवर येतो आणि तो पात्याला आणखी उघडण्याच्या दिशेने ढकलतो. धोका असतो तो भोसकताना किंवा टोक अडकल्यावर. तेव्हा जोर पात्याच्या पाठीवर येतो, कमान हार मानते आणि धार बोटांवर मिटते.

अटकावाचा जन्म या बोटांसाठी झाला. त्याचा एक जुना नमुना स्पेनच्या ‘नवाखा’ चाकूत दिसतो. पात्याच्या बुंध्याला दाते, कमानीला खाच. उघडताना एकेक दाता खाचेत पडतो आणि करकर आवाज होतो. आपल्याकडे हीच गरारी रामपूरच्या चाकूने घरोघरी पोचवली, म्हणजे चाकू नव्हे, त्याचा आवाज. ‘वक्त’ (१९६५) या चित्रपटातला राजकुमार यांचा चाकूचा प्रसंग आजही अनेकांना तोंडपाठ आहे. मुंबईच्या पडद्यावर चाकू उघडण्याचा आवाज म्हणजे दमदाटी, हे समीकरण पक्के झाले. रामपूरच्या कारागिराच्या दृष्टीने दाता खाचेत पडणे म्हणजे पाते नीट बसल्याची खात्री; प्रेक्षकाच्या दृष्टीने तीच धमकी. १९९०च्या दशकात उत्तर प्रदेशात साडेचार इंचांहून लांब पात्यांवर निर्बंध आले आणि धंदा उतरणीला लागला. २०२३मध्ये त्याच रामपूरच्या चौकात सुमारे सहा मीटर लांबीचा चाकू स्मारक म्हणून उभा राहिला.

इतरत्र अटकावाची वाटचाल कामकऱ्यांच्या हातून झाली. फ्रान्सच्या साव्हा प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९०मध्ये शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा साधा चाकू केला. त्याला फिरते कडे बसले ते १९५५मध्ये; कडे फिरवले की पात्याची परतीची वाट बंद. अमेरिकेत मुठीच्या एका पातळ पट्टीनेच पात्याचा बुंधा अडवण्याच्या युक्तीचे पेटंट १९०६चे आहे. ती पुढे वीजतंत्र्यांच्या चाकूत गेली आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मायकेल वॉकर यांनी सुधारून लोकप्रिय केली. मुठीच्या पाठीवरचा खटका जुनाच होता. तो १९६४च्या सुमारास बक कंपनीच्या ‘११०’ या शिकारी चाकूने सर्वदूर नेला. १९९८मध्ये आलेल्या बेंचमेड कंपनीच्या ‘ॲक्सिस’मध्ये आडवी पोलादी कांडी बुंध्यावर येऊन बसते.

यांतला भरवशाचा कोणता? इथे दोन गोष्टींची गल्लत होते. ताकद म्हणजे किती जोराला अटकाव मोडतो. भरवसा म्हणजे दर वेळी तो पुरता बसतो का. पाठीचा खटका ताकदवान, पण त्याच्या खाचेत कापसाचे तंतू किंवा चिकट मळ साचला तर तो अर्धवटच बसतो, आणि अर्धवट बसलेला खटका नसलेल्यापेक्षा वाईट, कारण हात गाफील असतो. पट्टीचा अटकाव झिजत जातो, आणि मूठ पिळून धरली तर बोटानेच सरकू शकतो. कड्याचा अटकाव साधा आणि टिकाऊ, पण तो आपण आठवणीने फिरवावा लागतो. आडव्या कांडीचा जीव तारेसारख्या बारीक कमानींत असतो. गरारीचे दाते झिजले, की आवाज राहतो आणि पकड जाते. निर्दोष अटकाव नाही. प्रत्येकाची मोडण्याची रीत तेवढी वेगळी.

मराठी स्वयंपाकघराने हा प्रश्न निराळ्या तऱ्हेने सोडवला. घडीची विळी हेही मिटणारे पातेच. पण ती उघडली की धार आपल्याकडे असते आणि भाजी आपण धारेवर पुढे रेटतो. सारा जोर पात्याला उघडण्याच्याच दिशेने, टेकूवर दाबतो. पाट पायाखाली दाबलेला. काम जितके जोरात, तितके पाते घट्ट. कमानीच्या चाकूत धारेला लाभणारी मदत हीच. विळीने भोसकण्याचा प्रसंगच नसल्यामुळे तिला खटक्याची गरज पडली नाही. विळीशी लागणारी खबरदारी आहे ती काम संपल्यावर उघडी न ठेवण्याची.

कायद्याने मात्र अटकावाचा अर्थ उलटा लावला. ब्रिटनमध्ये १९८८च्या कायद्याने तीन इंचांपर्यंतचा मिटणारा खिसाचाकू चालतो. पण १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘हॅरिस’ खटल्यात न्यायालयाने ठरवले, की पाते अटकून बसणारा चाकू या सवलतीत येत नाही, कारण तो केव्हाही नुसता मिटवता आला पाहिजे. म्हणजे बोटांवर मिटू शकणारा चाकू निर्धोक आणि बोटे वाचवणारा संशयित.

आपल्या १९५९च्या शस्त्र अधिनियमाखालील १९६२च्या नियमांनी जरा शहाणी वाट धरली होती. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे त्यांनी यादीत घातली, पण घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळली. मोजमापाबरोबर वस्तू कशासाठी घडली, हा प्रश्न त्यांनी विचारला. वाशीच्या बाजारात गोणीची सुतळी कापणाऱ्याला, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात केबल सोलणाऱ्याला हाच प्रश्न उपयोगी पडतो. त्याला अटकणारे पाते हवे असते ते स्वतःची बोटे शाबूत राहावीत म्हणून. भांडणारा माणूस चाकूच्या एका झटक्याचा विचार करतो. रोज शेकडो वेळा तोच चाकू उघडमिट करणाऱ्याला मात्र हजाराव्या वेळीही दाता खाचेत बसलाच पाहिजे. अटकावाच्या चार शतकांच्या सुधारणेमागे मुख्यतः हा दुसरा माणूस आहे, आणि चाकूच्या बातम्यांत तो कुठेच दिसत नाही.