विवाहमंडपातील उजेड : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात एक टिपण

विवाहखर्चाचा विचार करताना हुंडा, दागिने आणि जेवणावळी यांचा हिशेब आपण मांडतो. उजेडाचा हिशेब सहसा मांडत नाही. वास्तविक लग्नघरी दिवा कोणता लावावा या प्रश्नात तेल कोठून आले आणि त्याचे दाम कोणाच्या हाती गेले हे प्रश्न अंतर्भूत असतात. वर्धा जिल्ह्यात तर १९३४ नंतर ते उघडपणे विचारले गेले. म्हणून या जिल्ह्याचे उदाहरण अभ्यासकाला विशेष उपयुक्त ठरावे.

जुन्या मंडपात दोन प्रकारचे उजेड असत. एक विधीचा : समई, करवलीच्या हातातील शकुनदिवा, ऐरणीदानाच्या वेळी वेळूच्या टोपलीत मांडलेले कणकेचे दिवे. दुसरा दर्शनाचा : वरातीपुढच्या दिवट्या व मशाली, आणि संपन्न घरी हंड्या-झुंबरे. पहिला उजेड किती पडतो हे कोणी पाहत नसे; तो तेवत राहिला म्हणजे पुरे. दुसऱ्याचे प्रयोजन मात्र सोयऱ्यांची तोंडे दिसावीत आणि यजमानाचे वैभवही दिसावे हे होते. गोरज मुहूर्तावर अक्षता पडल्या की अंधार दाटून येई, तेव्हा या दुसऱ्या उजेडाची खरी गरज भासे. मशाल धरण्याचे काम अनेक गावी न्हाव्याकडे असे, तेल गावच्या तेल्याच्या घाण्याचे. तीळ व जवस ही येथील शेतातली पिके. म्हणजे दोन्ही उजेड गावातच निर्माण होत. ही व्यवस्था आदर्श होती असे मात्र मानण्याचे कारण नाही. मशालवाल्याला वरातीत अग्रस्थान होते, पंगतीत नव्हते.

वर्धा हा स्वतंत्र जिल्हा १८६२ मध्ये झाला आणि १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. ज्या मार्गाने हिंगणघाटचा कापूस बाहेर गेला त्याच मार्गाने पुढे रॉकेल आत आले. आधी चिमणी व कंदील, नंतर ग्यासबत्ती. या बत्तीने मंडपाचे रूपच पालटले. टाकीत पंपाने हवा भरावयाची, दाबाखालील तेल तापून त्याची वाफ व्हावयाची आणि त्या ज्योतीने थोरियमयुक्त जाळी, म्हणजे मेंटल, पांढरीशुभ्र तळपावयाची. या जाळीचे तत्त्व ऑस्ट्रियन रसायनज्ञ आउअर फॉन वेल्सबाख यांचे. बर्लिनच्या कारखान्यातील 'पेट्रोमॅक्स' हे नाव विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले. मशाल धरणारा बलुतेदार होता. डोक्यावर बत्ती घेऊन वरातीबरोबर चालणारा मनुष्य रोजंदारीचा झाला. आपल्या सामाजिक इतिहासात या बदलाची नोंद अद्याप पुरेशी झालेली नाही, असे मला वाटते.

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे कार्य वर्ध्याच्या मगनवाडीत सुरू झाले. संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा यांनी रॉकेलाचा प्रश्न अर्थशास्त्राच्या पातळीवर नेला. रॉकेल जाळणे म्हणजे गावचा पैसा परदेशी कंपनीस देणे आणि घाणी बंद पाडणे, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. याच मगनवाडीत सुधारलेली घाणी झाली आणि वनस्पतीच्या तेलावर जळणारा 'मगनदीप' हा कंदीलही झाला. अडचण भौतिकशास्त्राची होती. गोडे तेल घट्ट असते, ते रॉकेलाप्रमाणे वातीतून फार उंच चढत नाही. म्हणून तेलाची पातळी ज्योतीच्या निकट ठेवावी लागते.

मगनदीप वाचनास व घरकामास उपयोगी होता. परंतु शेदोनशे माणसांच्या मंडपात ग्यासबत्तीची जागा घेणे त्याला शक्य नव्हते. कार्यकर्त्यांचे विवेचन खरे असले, तरी उजेडाच्या दुसऱ्या प्रयोजनाला, म्हणजे दर्शनाला, त्यात स्थान नव्हते असे म्हणावे लागेल. त्यांचे खरे उत्तर निराळे होते : समारंभच आटोपशीर करावा. जमनालाल बजाज यांनी आपल्या थोरल्या कन्येचा विवाह १९२६ साली साबरमती आश्रमात साधेपणाने केला, तो याच विचाराने. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्यावर तिकडचे रॉकेल थांबले व त्याची टंचाई झाली. जे उपदेशाने झाले नव्हते ते काही काळ टंचाईने करून दाखविले, पण टंचाई सरताच बत्त्या पुन्हा पेटल्या.

पुढे वीज आली आणि तिच्याबरोबर सायंकाळचा स्वागतसमारंभही. या समारंभाला मुहूर्त नाही, अग्नी नाही, सप्तपदी नाही. उजेडावाचून मात्र तो होऊच शकत नाही. येथे दर्शन हाच विधी बनतो. ज्या वर्षी, १९३८ मध्ये, गांधीजींनी मगन संग्रहालयाचे उद्घाटन केले, त्याच वर्षी लाहोरला 'रेडिओ लॅम्प वर्क्स' ही कंपनी निघाली. १९६० मध्ये तिचे नाव 'बजाज इलेक्ट्रिकल्स' झाले. मगनवाडीची बाग जमनालालजींनीच दिलेली होती, हे लक्षात घेता हा योग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे. आजच्या एलईडी माळांना विजेचा खर्च अल्प लागतो, त्यामुळे त्यांच्या संख्येस मर्यादा उरलेली नाही. ऐरणीचे दिवे अजून तेलावरच लागतात.

या विषयाचे खरे साधन घरोघरच्या लग्नखर्चाच्या जुन्या वह्या होत. त्यांत 'तेल', 'रॉकेल', 'बत्तीभाडे', 'मेंटल' या नोंदी कोणत्या साली येतात व कोणत्या साली नाहीशा होतात, हे आर्वी, हिंगणघाट व वर्धा या तिन्ही भागांत ताडून पाहण्याचे काम एखाद्या विद्यार्थ्याने हाती घ्यावे.