वेठ ते करार : कायदेपंडित डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि श्रमिकाचे स्वातंत्र्य

भारतीय संविधानाचे शिल्पकार म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मरण सर्वत्र होते. धम्मक्रांतीचे प्रवर्तक म्हणून त्यांच्यासमोर आपण नतमस्तक होतो. परंतु कामगारविषयक कायद्याचे अभ्यासक, वकील आणि कायदेकर्ते या नात्याने त्यांनी जे कार्य केले, त्याचा उल्लेख बहुधा एखाद्या यादीपुरताच होतो. या यादीत खरे पुष्कळ असते आणि अतिशयोक्तीही असते. मात्र बाबासाहेब या प्रश्नाकडे कोणत्या तत्त्वाने पाहत होते, हे त्या यादीवरून कळत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही त्या तत्त्वाचाच शोध घेणार आहोत. आमच्या मते ते तत्त्व एकच आहे : कोणत्याही माणसाकडून त्याच्या इच्छेविरुद्ध काम करून घेता येणार नाही, मग ती सक्ती जातीची असो, कायद्याची असो वा उपासमारीची असो.

बाबासाहेब १९२२ मध्ये लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि १९२३ मध्ये त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिलीस प्रारंभ केला. सनदेसाठी लागणारे पैसे त्यांचे पारशी स्नेही नवल भथेना यांनी दिले. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतील कामे सॉलिसिटरांच्या हातून बॅरिस्टरांकडे जात असत; अस्पृश्य समाजातून आलेल्या बॅरिस्टरला ती मिळणे दुर्घटच होते. त्यामुळे त्यांना अपिलांवर आणि मुंबईबाहेरील न्यायालयांतील कामांवर भिस्त ठेवावी लागली. त्यांची कचेरी परळच्या दामोदर हॉलमध्ये होती. निवासही परळच्याच चाळीत होता. गिरण्यांचे भोंगे ज्या वस्तीचा दिवस ठरवीत, त्याच वस्तीत या कायदेपंडिताची घडण झाली. पुढे १९२८ मध्ये ते शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि १९३५ ते १९३८ या काळात त्याचे प्राचार्य होते.

श्रमाविषयीचा त्यांचा पहिला मोठा कायदेशीर लढा मात्र गिरणीतला नव्हता. तो खेड्यातला होता. महार वतन हे १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने बांधलेले होते. वतनदार महाराने सरकारी कामासाठी दिवसा वा रात्री, केव्हाही हजर राहावे, अशी अपेक्षा असे. कामाचे तास ठरलेले नव्हते. तो स्वतः उपलब्ध नसेल तर त्याच्या घरातील दुसऱ्या माणसास बोलावले जाई. मोबदला म्हणजे इनामाच्या जमिनीचा तुकडा आणि गावकऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून असलेले बलुते. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ज्यांना ही सेवा नको असेल त्यांना तिच्यातून मुक्त होण्याचा मार्ग असावा, जमीन त्यांच्याकडेच राहावी आणि कामाचा मोबदला निश्चित असावा, असा त्याचा आशय होता. सरकारचा पाठिंबा न मिळाल्याने १९२९ मध्ये विधेयक मागे घ्यावे लागले. वतन रद्द होण्यासाठी १९५८ चा कायदा यावा लागला, तोवर बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन गेले होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वतन हा नोकरीचा करार नव्हता. करारात दोन पक्ष असतात आणि दोघांनाही नकार देता येतो. वतनात नकार देण्याची सोयच नव्हती, कारण काम जन्माने अंगाला चिकटलेले होते. ज्या वकिलाने आपल्या घराण्याच्या अनुभवातून ही व्यवस्था ओळखली, त्याला गिरणीतील सक्तीही चटकन ओळखता आली, यात आश्चर्य नाही.

आणि सक्ती केवळ खेड्यातच होती असे नाही. ब्रिटिश सरकारने १८५९ साली केलेल्या कायद्यानुसार, आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला वा मजुराला दंडाधिकारी ते काम पुरे करण्याचा हुकूम देऊ शकत असे. हुकूम न मानल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा होती. मालकाने करार मोडला तर मजुराने दिवाणी दावा करावा. मजुराने मोडला तर त्याने तुरुंगात जावे, असा हा न्याय होता. हा कायदा १९२५ साली रद्द करण्यात आला आणि भारतीय दंडविधानातील त्याच जातीची दोन कलमेही त्यासोबत गेली. काम सोडणे हा गुन्हा नव्हे, हे तत्त्व या देशाच्या कायद्यात असे उशिरा आणि कष्टाने आले होते.

१९२८ हे वर्ष आणखी दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. २८ जुलै १९२८ रोजी बाबासाहेबांनी कायदे कौन्सिलात स्त्री कामगारांच्या प्रसूतिलाभ विधेयकास पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आगेमागे स्त्रीस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकाने या खर्चाचा भार उचलणे रास्त आहे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. त्याच १९२८ च्या एप्रिल ते ऑक्टोबर या काळात मुंबईच्या गिरण्यांत सुमारे दीड लाख कामगारांचा संप चालू होता. या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांपुढे एक अप्रिय प्रश्न ठेवला. अधिक मजुरी मिळणाऱ्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याचे ओठ लागलेला धोटा सवर्ण कामगारांना नको होता. मालकाविरुद्ध समान हक्क मागणाऱ्या कामगारांनी आपल्याच शेजाऱ्याला समान काम नाकारावे, ही विसंगती त्यांनी उघडी केली. श्रमिकाला बांधणारे दोन दोर आहेत, एक मालकाच्या हाती आणि दुसरा जातीच्या हाती, हे निदान येथेच स्पष्ट झाले. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हणून सांगितले, त्याचे बीज या विणकाम खात्यात आहे.

आता आपण १९३८ च्या सप्टेंबर महिन्याकडे वळू. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून बाबासाहेब मुंबई विधानसभेत होते. खेर मंत्रिमंडळाने औद्योगिक कलह विधेयक आणले. समझोत्याची लांबलचक प्रक्रिया पूर्ण होण्यापूर्वी केलेला संप बेकायदेशीर ठरवून त्यासाठी शिक्षा देण्याची त्यात तरतूद होती. १५ सप्टेंबर १९३८ रोजी बाबासाहेबांनी त्यावर जे भाषण केले, ते आमच्या मते त्यांच्या विधिज्ञतेचा उत्कृष्ट नमुना होय.

त्यांनी भावनेला आवाहन करण्याऐवजी साधा कायदेशीर प्रश्न विचारला : संप म्हणजे काय? संप म्हणजे नोकरीच्या कराराचा भंग, त्यापलीकडे काही नाही. करारभंग हा दिवाणी स्वरूपाचा दोष आहे. त्यासाठी नुकसानभरपाई मागता येते. कायद्याने त्यास गुन्हा का ठरवले नाही? कारण गुन्हा ठरवला की माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध सेवा करणे भाग पडते, आणि इच्छेविरुद्धची सेवा म्हणजेच गुलामगिरी. येथे त्यांनी अमेरिकेच्या राज्यघटनेचा आधार घेतला. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. या विधेयकाला कामगारांचे नागरी स्वातंत्र्य स्थगित करणारा कायदा असे नाव द्यावे, असेही त्यांनी सुनावले.

प्रत्येक संप शहाणपणाचाच असतो असे बाबासाहेबांचे मत नव्हते, हे येथे नमूद केले पाहिजे. १९२९ च्या गिरणी संपास त्यांनी स्वतः विरोध केला होता. एखादा संप करावा की नाही हा विवेकाचा प्रश्न. संप करणाऱ्याला तुरुंगात टाकावे की नाही हा स्वातंत्र्याचा प्रश्न. ही दोन्ही अंगे वेगळी ठेवणे हे खऱ्या कायदेपंडिताचे लक्षण होय. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी या विधेयकाच्या निषेधार्थ मुंबईत एक दिवसाचा संप झाला. त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट पुढारी खांद्याला खांदा लावून उभे राहिले. पोलिसांनी गोळीबार केला. विधेयक बहुमताच्या बळावर संमत झाले. त्याविरुद्धचा युक्तिवाद मात्र आजही अनुत्तरित आहे.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि १९४६ पर्यंत त्या पदावर राहिले. सरकार, मालक आणि कामगार यांनी एकत्र बसून विचार करण्याची त्रिपक्षीय परिषद याच काळात रुजली. कामगार संघटनांना मान्यता देणे मालकांवर बंधनकारक करणारे विधेयक त्यांनी १९४३ मध्ये मांडले. कारखान्यातील कामगारांना पगारी रजा, कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी, सेवायोजन कार्यालये, आरोग्यविम्याची आडारकर योजना, कामगारांच्या स्थितीची पाहणी करणारी रेगे समिती आणि नोकरीच्या अटी लेखी स्वरूपात जाहीर करावयास लावणारा १९४६ चा स्थायी आदेश कायदा या सर्वांना त्यांच्या कारकिर्दीत आकार आला. किमान वेतनाचे विधेयक एप्रिल १९४६ मध्ये मांडले गेले. ते १९४८ मध्ये कायद्यात उतरले.

बाबासाहेबांनी चौदा तासांचा कामाचा दिवस एका फटक्यात आठ तासांवर आणला, असे आज वारंवार लिहिले जाते. वस्तुस्थिती अशी की कापड गिरण्यांतील पुरुष कामगारांस १९११ च्या कायद्याने बारा तासांची मर्यादा लागली. १९२२ च्या कायद्याने कारखान्यांत ती अकरा तास व आठवड्यास साठ तास झाली. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत दहा तास व आठवड्यास चोपन्न तास झाली. बाबासाहेबांच्या मंत्रालयाने आणलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने आठवडा अठ्ठेचाळीस तासांचा झाला. हे यश स्वतःच मोठे आहे. त्यास अतिशयोक्तीची गरज नाही. ज्या महापुरुषाने आयुष्यभर पुराव्यावर बोट ठेवून युक्तिवाद केला, त्याच्या अनुयायांनी पुराव्याविना बोलू नये.

याच निष्ठेने त्या काळातील अवघड प्रसंगांकडेही पाहिले पाहिजे. युद्धकाळात संपांवर बंधने घालणारा आणि सक्तीच्या लवादाचा अधिकार सरकारला देणारा भारत संरक्षण नियम ८१-अ त्यांच्या पूर्वीच, जानेवारी १९४२ मध्ये, लागू झाला होता. मजूरमंत्री म्हणून त्यांना त्याच चौकटीत कारभार करावा लागला. १९४३ मध्ये कोळशाच्या टंचाईमुळे स्त्रियांना खाणीत जमिनीखाली काम करण्यावरील बंदी उठविण्यात आली. केंद्रीय विधिमंडळात यावर कठोर टीका झाली. हा निर्णय आणीबाणीचा आहे, आणि स्त्रियांना पुरुषांइतकेच वेतन देण्याचे तत्त्व त्यात प्रस्थापित झाले आहे, असे उत्तर बाबासाहेबांनी दिले. फेब्रुवारी १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. टीकाकारांच्या म्हणण्यातही तथ्य होते. सत्तेत बसून तत्त्व सांभाळणे किती कठीण असते, हे या प्रसंगांवरून कळते.

हे तत्त्व सर्वांत दृढ स्वरूपात संविधानात उतरले. अनुच्छेद २३ ने माणसांचा व्यापार, बेगार आणि तत्सम सक्तीचे श्रम यांस मनाई केली. महार वतनाचा आणि १८५९ च्या कायद्याचा इतिहास ज्याने वाचला आहे, त्याला या अनुच्छेदातील ‘बेगार’ या शब्दाचे वजन समजावून सांगावे लागत नाही. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात बाबासाहेबांनी म्हटले होते की, बेकार माणूस पोटासाठी आपले हक्क सोडून देण्यास तयार होतो, म्हणून केवळ कागदावरील हक्क त्याला पुरत नाहीत. १८ सप्टेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणे हेही सक्तीचे श्रम होत, कारण दारिद्र्य आणि भूक यांची सक्तीही सक्तीच आहे. बाबासाहेबांच्या विचाराशी हा निर्णय किती जवळचा आहे, हे सांगावयास नको.

बौद्ध वाचकांस येथे सिगालोवाद सुत्ताची आठवण होईल. सेवकाला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात त्याची शुश्रूषा करावी, विशेष पदार्थ मिळाल्यास त्यात त्याला वाटा द्यावा आणि वेळेवर त्यास विश्रांती द्यावी, अशी धन्याची पाच कर्तव्ये तथागतांनी गृहपतिपुत्र सिगालाला सांगितली. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी गृहस्थांच्या विनयात धनी व सेवक यांच्या नियमांना आवर्जून स्थान दिले. कामाचे तास, वेतन, आजारपणाचा विमा, रजा यांसाठी कायदे करणाऱ्या माणसाला त्या प्राचीन वचनात आपलेच काम दिसले असेल, असे म्हणणे अप्रस्तुत होणार नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी एकोणतीस केंद्रीय कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता देशात लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेने सर्व औद्योगिक आस्थापनांत संपापूर्वी चौदा दिवसांच्या नोटिशीचे बंधन घातले आहे आणि बेकायदेशीर संपास शिक्षाही ठेवली आहे. या संहितांचे समर्थक आहेत, विरोधकही आहेत. त्यांची चर्चा करताना १९३८ चा तो साधा प्रश्न पुन्हा विचारला गेला पाहिजे. आपल्या वस्त्यांतील कितीतरी माणसे आज ठेकेदाराच्या हाताखाली सफाईचे आणि बांधकामाचे काम करतात. त्यांच्यापैकी कोणाला नकार देता येतो आणि कोणाला येत नाही, हे पाहिले की ते काम करार आहे की वेठ आहे, हे लगेच कळते. बाबासाहेबांची विधिमंडळातील भाषणे महाराष्ट्र शासनाने १९८२ मध्ये दुसऱ्या खंडात आणि मजूरमंत्री म्हणून केलेली भाषणे १९९१ मध्ये दहाव्या खंडात प्रसिद्ध केली आहेत. विहारांतील अभ्यासवर्गांनी १५ सप्टेंबर १९३८ चे भाषण एकदा तरी सबंध वाचावे, आणि वाचताना ठेक्यावर काम करणाऱ्या बंधुभगिनींना शेजारी बसवून घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे.