श्यर्फबेक, हेलेन

(१० जुलै १८६२ – २३ जानेवारी १९४६). फिनलंडची चित्रकर्त्री. जन्म हेलसिंकी येथे, स्वीडिशभाषक कुटुंबात. चौथ्या वर्षी जिन्यावरून पडून खुब्याला इजा झाली व पायात कायमचे व्यंग राहिले. अकराव्या वर्षी फिनिश कलासंस्थेच्या चित्रशाळेत प्रवेश. पुढे पॅरिसला कोलारोसी अकादमीत शिक्षण. ‘आजारातून उठलेली मुलगी’ (१८८८) या वास्तववादी चित्राला १८८९ च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात कांस्यपदक मिळाले.

कलाशाळेतील अध्यापन प्रकृतीमुळे सोडून १९०२ मध्ये ती आईसह ह्युविंका या रेल्वेमार्गावरील लहान गावी राहायला गेली. तिची खरी कला इथे घडली. गावातल्या मुली, शिवणकाम करणाऱ्या बायका आणि स्वतःची आई यांनाच तिने समोर बसवले. त्यांची नजर बहुधा खाली किंवा बाजूला वळलेली असते. हुबेहूबपणाचा सोस तिने सोडला. दागिने, सामान, खोलीचा तपशील एकेक करून गळत गेला. रंग खरवडून, घासून ती कॅनव्हासचा पोत उघडा ठेवी. चेहरा ओळखू येतो, पण माणूस हाती लागत नाही. बसलेल्या व्यक्तीच्या एकटेपणाचा एवढा आदर राखणारे व्यक्तिचित्रण त्या काळात क्वचितच आढळते. पॅरिसची फॅशन-मासिके ती आवर्जून मागवी, त्यामुळे या साध्या स्त्रियांच्या आकृतींना एक आधुनिक डौल आला. कलाविक्रेता यॉस्ता स्टेनमान याने १९१७ मध्ये तिचे पहिले एकल प्रदर्शन भरवले.

तिने सुमारे ४० आत्मचित्रे केली. फिनिश कलासंस्थेच्या मागणीवरून रंगवलेल्या १९१५ च्या चित्रात काळ्या पार्श्वभूमीवर तिचे नाव मोठ्या अक्षरांत आहे. थडग्यावरच्या लेखाची आठवण व्हावी असे. पुढे ओळख सांगणारी अक्षरेही गेली. युद्धामुळे १९४४ मध्ये ती स्वीडनमधील साल्ट्शबाडेन येथे एका आरोग्यनिवासात राहू लागली. अखेरच्या दोन वर्षांत सुमारे २० आत्मचित्रे झाली. त्यांत डोळ्यांच्या खोबणी, ओठांची रेघ आणि करड्या-हिरव्या रंगात विरत चाललेली कवटी एवढेच उरते. वार्धक्याकडे इतक्या निर्भयपणे, स्वतःची कीव न करता पाहणारी चित्रमालिका विसाव्या शतकाच्या कलेत दुर्मीळ आहे.

मृत्यू साल्ट्शबाडेन येथेच. १९५६ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात फिनलंडतर्फे तिची चित्रे मांडण्यात आली. तिच्या चित्रांचा मोठा संग्रह हेलसिंकीच्या आतेनेउम संग्रहालयात आहे.